शेततळ्यावरची पाटी

एकदा माळरानावरच्या एका गावाने सगुणा नावाच्या बाईला सरपंच म्हणून निवडून दिले. ती चौतिशीची होती, बारावीपर्यंत शिकलेली होती आणि शिवणकाम करून घर चालवत होती. पंचायतीच्या कारभारातले तिला काहीच माहीत नव्हते. मात्र आपल्याला माहीत नाही, एवढे तिला नीट माहीत होते. म्हणून पदभार घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती हरिबांच्या दारात जाऊन बसली.

हरिबा हे गावचे पुढारी नव्हते. एकतीस वर्षे ते ग्रामपंचायतीचे शिपाई होते. दवंडी देणे, नळाला पाणी सोडणे, घरोघरी नोटिसा पोहोचवणे आणि उन्हाळ्यात सार्वजनिक विहिरीत उतरून गाळ काढणे, ही त्यांची कामे. सात सरपंच त्यांनी येताना पाहिले आणि सातही जाताना पाहिले. कोणता ठराव वहीत राहिला आणि कोणता माणसांच्या दारापर्यंत गेला, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. आता ते बहात्तर वर्षांचे होते आणि दिवसभर दारातल्या लिंबाखाली बसून केरसुण्या बांधत असत.

"आबा, मला शिकवा," सगुणा म्हणाली.

"मी शिपाई माणूस, पोरी. शिपायाकडनं सरपंच काय शिकणार?"

"सरपंचांनी काय काय केलं ते तुम्ही बघितलंय. आणि काय काय केलं नाही, तेही."

हरिबांना हे उत्तर आवडले असावे. त्यांनी तिला बसायला पाट दिला. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा ती त्यांच्याकडे येऊ लागली आणि अडलेले विचारू लागली. हरिबा फार बोलत नसत. बहुतेक वेळा ते तिलाच उलटा प्रश्न विचारत आणि ती विचार करत घरी जाई.

त्या वर्षी चैत्रातच ऊन असह्य झाले. विहिरींनी तळ गाठला. माळावर पाणी उरले ते फक्त शेततळ्यांत. शेतकऱ्यांनी डाळिंबाच्या बागा जगवण्यासाठी खणलेली ही मोठी तळी. पाणी जमिनीत मुरू नये म्हणून तळापासून काठापर्यंत जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला. गावात अशी अकरा शेततळी होती. अशातच शेजारच्या गावातून बातमी आली, की पाण्याची मोटर बघायला गेलेला एक कर्ता माणूस शेततळ्यात घसरला आणि बुडाला. त्याला पोहता येत होते, असे लोक सांगत होते.

सगुणाने दोन दिवसांत मासिक सभा बोलावली. रोजगार हमीची कामे सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबवायची, अंगणवाडीत जलसंजीवनीची पाकिटे ठेवायची, बसथांब्यावर पाण्याचा रांजण भरायचा, दुपारी बारा ते चार कोणी उन्हात बाहेर पडू नये अशी दवंडी द्यायची आणि अकराही शेततळ्यांवर धोक्याच्या पाट्या लावायच्या, असे ठराव झाले. आठवड्याच्या आत सगळे अमलातही आले. एका स्थानिक वृत्तपत्राने सगुणाचे छायाचित्र छापले. त्याखाली ओळ होती, 'उन्हाळ्यातील सुरक्षेसाठी ग्रामपंचायतीचा पुढाकार'.

ते वर्तमानपत्र घेऊन सगुणा हरिबांकडे गेली. हरिबांनी चष्मा लावून बातमी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "मला एक पाटी दाखव."

"आत्ता? आबा, बारा वाजून गेलेत. या वेळी बाहेर पडू नका, असं मीच सगळ्यांना सांगितलंय."

"तहान याच वेळी लागते, पोरी. चल."

गावाबाहेर दहा मिनिटांच्या अंतरावर गुलाबरावांचे शेततळे होते. सैल पडलेल्या कुंपणातून वाकून दोघे तिथे पोहोचले तेव्हा रानात चिटपाखरू नव्हते. उंच बांधावर लोखंडी नळीला ठोकलेली पत्र्याची नवी कोरी पाटी उन्हात चमकत होती. 'धोका! पाण्यात उतरू नये. आदेशावरून, ग्रामपंचायत.' अक्षरे लाल होती आणि ठसठशीत होती. आत दोन पुरुषभर खोल हिरवे पाणी निश्चल उभे होते.

हरिबांनी पाटी वाचली. मग त्यांनी वहाणा काढल्या, चष्मा एका वहाणेत ठेवला, डोक्याचा पटका काढून त्यावर झाकला आणि सगुणाला काही कळायच्या आत बांधावर बसून ते घसरत घसरत सरळ पाण्यात गेले.

"आबा!"

हरिबांचे डोके पाण्याबाहेर आले. ते शांतपणे हातपाय हलवत तरंगत होते. "आता मला बाहेर काढ," ते म्हणाले.

सगुणाला वाटले, म्हाताऱ्याला ऊन लागले. "आबा, असली कसली थट्टा? वर या बघू."

हरिबा काठाकडे आले. त्यांनी कागदावर तळवे टेकले, गुडघा वर घेतला आणि ते पुन्हा पाण्यात घसरले. कागदावर शेवाळाचा बुळबुळीत थर होता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा घसरले. सगुणा पालथी पडली आणि तिने हात लांब केला. तिची बोटे आणि हरिबांची बोटे यांच्यात दीड पुरुषाचे अंतर राहिले.

ती उठून धावली. मोटरच्या खोलीला कुलूप होते. जवळपास झाड नव्हते, की एखादी फांदी मिळावी. पाण्याचा पाइप जमिनीत गाडलेला होता. तिने जिवाच्या आकांताने हाका मारल्या. पण ऐकायला कोण होते? तिच्याच सांगण्यावरून सगळे गाव दारे लावून घरात बसले होते. पदर सोडून खाली टाकावा, असे तिच्या मनात आले. पण त्याचे दुसरे टोक बांधायचे तरी कुठे? धरून उभी राहिली असती तर तीच आत ओढली गेली असती.

ती काठावर परत आली तेव्हा हरिबांच्या चेहऱ्यावरचे हसू गेले होते. पाणी त्यांच्या हनुवटीवरून ओठांना लागत होते. धोतर पायांत गुंतले होते. ते तिसऱ्यांदा चढू पाहत होते आणि आता त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता.

तेव्हा सगुणाची नजर पाटीवर गेली.

पाटी रोवून चारच दिवस झाले होते. माती अजून भुसभुशीत होती. सगुणाने दोन्ही हातांनी नळी हलवली, उपटली आणि नळीचे टोक धरून पाटी पाण्याकडे खाली सोडली. ज्या खड्ड्यात ती नळी होती त्यातच तिने स्वतःचा पाय अडकवला आणि उताराच्या बाजूला आडवी झाली. पत्र्याची कड हरिबांच्या हाताला लागली. त्यांनी ती घट्ट धरली. वीतवीत करत ते वर आले, आणि दोघेही बांधावर पडून राहिले.

हरिबांच्या तळहाताला पत्रा लागून रक्त येत होते. सगुणाने पदराची किनार फाडून त्यांचा हात बांधला. गाठ मारताना तिला रडू फुटले.

"हे काय केलंत आबा? तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? मी गावाला काय तोंड दाखवलं असतं?"

"रागाव, रागाव. तुझं खरं आहे," हरिबा म्हणाले. दम खाऊन ते पुढे बोलू लागले. "आधी एक कबूल करतो. मला वाटलं होतं, तुला काही सुचलं नाही तर मी आपला वर चढून येईन. आयुष्यभर विहिरीत उतरलोय. पण विहिरीला दगडाच्या पायऱ्या असतात. ह्या कागदावर पायच ठरंना. तिसऱ्यांदा घसरलो तेव्हा मला खरोखर भीती वाटली. असं मी करायला नको होतं. पुन्हा कोणी करू नये."

सगुणाने डोळे पुसले.

"आता ऐक. तू पाटी लावलीस, चांगलं केलंस. वाचणारा माणूस वाचून मागं फिरंल. पण तहानलेला माणूस पाटीकडं बघत नाही, पाण्याकडं बघतो. आणि एकदा आत गेला, की तुझी लाल अक्षरं त्याच्या काय कामाची? मी सात सरपंच बघितले. प्रत्येकानं 'असं करू नका' असं लिहून ठेवलं आणि निवांत झाला. उद्या कोणी विचारलं तर सांगता येतं, की आम्ही बजावलं होतं. पण बजावलं म्हणजे सांभाळलं, असं होत नाही. ज्यानं ऐकलं नाही, ज्याला वाचता आलं नाही, ज्याचा नुसता पाय घसरला, त्याचीही सरपंच तूच आहेस."

सगुणाने उपटलेली पाटी उचलली, पुन्हा खड्ड्यात उभी केली आणि पायाने माती दाबली. मग काठावरून पाण्यापर्यंत किती हात अंतर आहे, त्याचा ती नजरेने अंदाज घेऊ लागली.

त्याच आठवड्यात तिने विशेष ग्रामसभा बोलावली आणि घडलेले सगळे, स्वतःची फजिती न लपवता, सांगितले. प्रत्येक शेततळ्यात समोरासमोर दोन दोर कायमचे सोडावेत, दोराला हातहातावर गाठी असाव्यात आणि काठावर फेकायला हवा भरलेली ट्यूब दोरीसकट ठेवावी, असे तिने मांडले.

गुलाबराव उठले. "सरपंचबाई, तुमचा हेतू चांगला आहे. पण दोर सोडला म्हणजे लोकांना पाण्यात उतरायचं आमंत्रणच दिलं. उद्या दोर धरून पोहायला येतील आणि निस्तरावं मला लागेल. तळं माझं आहे."

काही माना डोलल्या. सगुणाने हरिबांकडे पाहिले. हरिबा खिडकीबाहेर पाहत होते. मग तिने स्वतःच विचारले, "तात्या, तुमच्या तळ्यावर मोटर सुरू करायला रोज कोण जातं?"

"सून जाते."

"एकटी?"

गुलाबराव खाली बसले आणि शेजारच्याला म्हणाले, "आमच्याकडं जुन्या मोटेचा नाडा पडलाय. चांगला जाड दोर आहे."

त्यानंतर फारसा वाद झाला नाही. कोणाच्या माळ्यावरून जुने सोलदोर निघाले, कोणी ट्रॅक्टरचा दोर दिला, पंक्चरवाल्याने जुन्या ट्यूब जोडून दिल्या. हरिबांनी लिंबाखाली बसून गाठी मारल्या. काठावर दोर बांधायला दगडी खांब पुरले. सैल झालेली कुंपणे लोकांनी जमेल तशी ताणून घेतली.

पण दोर असून भागत नाही, तो वापरता यावा लागतो, हे आता सगुणाला सांगावे लागले नाही. तिने वाडीवाडीतल्या बायकांना सकाळच्या थंडाव्यात मंदिरापुढच्या पटांगणात बोलावले. जमिनीवर चुन्याने तळे आखले. बुडणाऱ्याला वाचवायला स्वतः उडी मारायची नाही. दोराचा आधी खांबाला एक वेढा द्यायचा आणि मगच ट्यूब फेकायची, असे हरिबांनी करून दाखवले. पहिल्या दिवशी एकीचीही ट्यूब तळ्यात पडली नाही. एक तुळशीवृंदावनाला अडकली, एक कुत्र्याच्या अंगावर गेली. बायका पोट धरधरून हसल्या. बागेत खुरपायला जाणारी हौसाबाई, साठीची, नुसती बघायला म्हणून आली होती. "ही कसली पोरखेळाची कामं," असे म्हणत तिने एकदाच ट्यूब फेकली. ती चुन्याचे तळे ओलांडून पलीकडे उभ्या असलेल्या तिच्याच जावेच्या डोक्यावरून गेली. तरी पुढच्या दिवशी ती पुन्हा आली.

वैशाखात एके दिवशी सगुणा तालुक्याला टंचाईच्या बैठकीला गेली. बैठकीत फोन बंद होता. एकच्या सुमारास बाहेर येऊन तिने तो सुरू केला, तर गावातून चौदा वेळा फोन येऊन गेलेला. तिने लावून पाहिला, कोणी उचलेना. दुसऱ्याला लावला. पलीकडून गोंगाट आला, त्यात एवढेच शब्द कळले, "शेततळ्यात बाई पडली..." आणि संपर्क तुटला.

गावापर्यंतचा तो पाऊण तास ती जीपमध्ये कशी बसली, हे तिला पुढे कधी आठवले नाही. कोणाची सून, कोणाची आई, कोणते तळे, एवढेच तिच्या मनात फिरत होते. जीप फाट्यावर थांबली. पंचायतीपुढे गर्दी होती. सगुणा गर्दी बाजूला करत ओसरीपर्यंत गेली.

ओसरीवर एक अनोळखी तरुण बाई हौसाबाईचे हिरवे लुगडे नेसून बसली होती. केस अजून ओले होते. मांडीवर पाचसहा महिन्यांची मुलगी दूध पीत होती. बाईच्या हातात चहाचा पेला होता.

"काय झालं?" सगुणाने विचारले.

"काय न्हाई झालं," हौसाबाई म्हणाली. "बस आधी. पाणी पी."

ती बाई म्हणजे म्हाळसा, मेंढरांचा कळप घेऊन त्या बाजूने चाललेल्या एका मेंढपाळाची बायको. लेकराला कुंपणापाशी घोंगड्यावर ठेवून ती घागर भरायला कुंपणातून वाकून बांधावर चढली. पाटी तिने पाहिली होती, पण तिला वाचता येत नव्हते. कागदावरून पाण्याकडे उतरताना पाय सरकला.

"घागर गडगडल्याचा आवाज आला म्हणून मी खुरपं टाकून बघाया गेले," हौसाबाई सांगू लागली. "बघते तर ही आत. गाठीचा दोर हाताला घावला हुता हिच्या, पण लुगडं भिजून जड झालेलं, वर सरकंना. तिकडं लेकरू रडतंय. माझ्या तर काळजाचं पाणी झालं. पहिल्यांदा ट्यूब फेकली ती लांबच गेली. मग म्हटलं, हौसे, घाई करू नगंस. दोरी वढून ट्यूब मागं घेतली, खांबाला वेढा दिला, पुन्यांदा टाकली, ती बरोबर हिच्या पुढ्यात. वरडून सांगितलं, काखंत घाल. तोवर गुलाबतात्याची सून पळत आली. दोघींनी वढली."

"मला वाटलं, लेकराचं तोंड पुन्हा दिसतच न्हाई," म्हाळसा हळूच म्हणाली आणि तिने मुलीच्या टाळूवर हात ठेवला.

तिचा नवरा पायरीवर बसला होता. कळप पलीकडच्या ओढ्यात होता. हे घडताना त्याला काही ऐकूही गेले नव्हते. सगुणा आल्याचे कळताच तो उठला आणि तिच्या पायांकडे वाकला. सगुणाने त्याला थांबवले. "माझ्या नाही. मी इथं नव्हतेच," ती म्हणाली आणि तिने हौसाबाईकडे बोट केले. हौसाबाई लाजून चहाचे पेले गोळा करू लागली.

गर्दी हळूहळू पांगली. आरोग्यसेविकेने म्हाळसाला तपासले आणि सगळे ठीक असल्याचे सांगितले. ऊन उतरेपर्यंत त्या कुटुंबाने ओसरीवरच थांबावे, असे ठरले. हरिबा भिंतीला टेकून बसले होते. सगुणा त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"आबा, वेळेला मी गावात नव्हते," ती पुन्हा म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात अपराधी भाव होता.

"ते बरंच झालं," हरिबा म्हणाले. "तू असतीस म्हणून ती बाई वाचली असती, तर उद्या तू नसताना काय झालं असतं? आज तू तालुक्याला होतीस, मी दारातल्या लिंबाखाली पेंगत होतो, आणि काम झालं. कारभार म्हणतात तो हाच. तो तुझ्या हातातनं सुटून हौसाबाईच्या हातात गेला."

सगुणाने मान हलवली. महिनाभर रोज दुपारी बारा वाजले की अकरा तळी डोळ्यांपुढे उभी राहत. आपण एकटी सगळीकडे कशी पुरणार, हा प्रश्न तिने कोणाला विचारला नव्हता. आज तो विचारायची गरजच उरली नाही. आपण एकटी नव्हतोच, हे तिला आता कळले होते. तिने भिंतीला डोके टेकवले. समोर म्हाळसाची मुलगी पोट भरून निजली होती. तिच्याकडे बघता बघता सगुणाचेही डोळे मिटले.

थोड्या वेळाने सदस्य मंडळी मोठ्याने बोलत पायऱ्या चढू लागली. हरिबांनी ओठांवर बोट ठेवले.

"हळू," ते म्हणाले. "सरपंचबाईंना झोप लागलीय."